घरी बसून नगावर काम घेताय? माल आणण्यापासून पैसे मिळेपर्यंत काय-काय सांभाळायचं

कुर्तीला लेस लावणं, शर्टाचे धागे कापणं, राख्या करणं, पाकिटं चिकटवणं, विड्या वळणं, अगरबत्तीचे पुडे भरणं. ही कामं देताना "फावल्या वेळात होतं हो" असं सांगतात. महिनाभरात तो फावला वेळ दुपारपासून रात्री अकरापर्यंत पसरलेला असतो आणि हिशेब विचारला की कुणाकडेच धड सांगायला काही नसतं. मी स्वतः गारमेंटचं फिनिशिंग घरी केलं आहे. पुढे वस्तीतल्या बायकांचे फॉर्म भरून द्यायला लागले आणि लक्षात आलं की दर, छाट (नापसंत म्हणून बाजूला काढलेला माल), योजना, तक्रार, कुठलाही विषय काढा, शेवटी गाडी एकाच ठिकाणी अडते: हे काम तुम्ही केलं, हे दाखवणारा कागद कुठाय? कारखान्यात हजेरीपट असतो. आपल्याकडे तो आपणच तयार करायचा असतो. म्हणून खालच्या बऱ्याच पायऱ्या या ना त्या मार्गाने कागदाकडेच जातात.

लेख महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी आहे. केंद्राच्या योजना सगळीकडे सारख्याच आहेत, पण मजुरीचे दर आणि कार्यालयं राज्याप्रमाणे बदलतात.

१. आधी तुमचा खाना ओळखा

घरी काम करणारे सगळे एकाच प्रकारात बसत नाहीत. चुकीच्या खान्यात नाव गेलं की अर्जही चुकीच्या टेबलावर जातो.

माल दुसऱ्याचा, नमुना दुसऱ्याचा, तयार झालेला मालही तोच नेणार आणि तुम्हाला नगामागे मजुरी मिळणार, असं असेल तर तुम्ही घरी बसून काम करणारे कामगार. विडीच्या धंद्यात याला घरखातं म्हणतात, सरकारी कागदांत गृहाधारित कामगार. हा लेख मुख्यतः तुमच्यासाठी आहे.

कच्चा माल तुम्ही आणता, भाव तुम्ही ठरवता, गिऱ्हाईक तुमचं, तर तो स्वयंरोजगार. त्यासाठी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान धंद्याची सरकारी नोंदणी, मोफत होते. शिवणकाम, टोपल्या-झाडू, हारफुलं, खेळणी अशा हातच्या धंद्यांना पीएम विश्वकर्मा योजनाही लागू आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत १८ व्यवसाय आहेत आणि कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो, तेव्हा अर्ज कुणाच्या नावाने करायचा ते घरात आधी ठरवा.

दुसऱ्यांच्या घरी जाऊन धुणीभांडी, स्वयंपाक करणाऱ्यांसाठी २००८ च्या कायद्याने घरेलू कामगार कल्याण मंडळ आहे. ते आपलं नाही. "घरकाम करते" एवढंच सांगितलं तर खिडकीवरचा माणूस हाच फॉर्म पुढे सरकवतो, म्हणून "कंपनीचा माल घरी आणून नगावर करते" असं पूर्ण वाक्य सांगा.

ठेकेदार तोंडावर सांगेल, "तुम्ही काय आमच्या कामगार नाही, घरी बसून करता." हे ऐकून गप्प बसू नका. किमान वेतनाच्या १९४८ च्या कायद्यातच माल घरी नेऊन काम करणाऱ्याला कामगारांत धरलं होतं. १९७३ मध्ये नगावर काम करणाऱ्या शिंप्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की माल नापसंत करण्याचा आणि पुन्हा करून मागण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे, त्याचं त्या कामावर नियंत्रण आहे. विडी वळणाऱ्या घरखात्यातल्या कामगारांना भविष्य निर्वाह निधी लागू होतो, हे १९८५ मध्ये त्याच धाग्याने ठरलं. थोडक्यात, जी छाट आपल्याला नकोशी वाटते, तीच समोरचा आपला मालक असल्याचा पुरावा आहे. म्हणून छाटीची नोंद कधीही सोडायची नाही. ती कशी ठेवायची ते चौथ्या पायरीत सांगते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या आणि जुने कायदे त्यांत गेले. कार्यालयांत मात्र अजून जुनीच नावं ऐकू येतील. गोंधळू नका. सामाजिक सुरक्षा संहितेत गृहाधारित कामगाराची व्याख्या आहे, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

२. काम देणारा खरा आहे का, ते तपासा

या पायरीवर घाई सगळ्यात महाग पडते. फसवणुकीचे तीन साचे वारंवार दिसतात.

पहिला साचा पॅकिंगचा. "घरबसल्या पेन्सिल पॅकिंग, महिना तीस हजार", सोबत मोठ्या कंपनीचा लोगो आणि शेवटी नोंदणी फी, आयकार्ड फी, माल पाठवण्याचं भाडं. पैसे भरले की फोन बंद. पेन्सिली मशीनवर पॅक होतात, त्या तुमच्या घरी कुणी पाठवत नाही.

दुसरा टायपिंगचा. आधी करारावर सही घेतात, मग "चुका जास्त झाल्या, करार मोडला" म्हणून वकिलाच्या नावाने नोटीस आणि दंडाची मागणी. धमकीला घाबरून पैसे पाठवू नका. नोटीस घेऊन सरळ विधी सेवा प्राधिकरणात जा. तो पत्ता शेवटच्या पायरीत आहे.

तिसरा मोबाइलवरच्या टास्कचा. सुरुवातीला शे-दोनशे रुपये खरंच जमा होतात, मग मोठ्या टास्कसाठी तुम्हालाच पैसे भरायला लावतात. पैसे गेले असतील तर त्याच दिवशी सायबर फसवणुकीच्या १९३० या क्रमांकावर फोन करा. जितका उशीर, तितके ते पैसे पुढच्या खात्यांत पांगत जातात.

नियम सोपा ठेवा: काम देण्यासाठी जो पैसे मागतो, त्याच्याकडे काम नसतं. मालाच्या किमतीपोटी अनामत मागणारे काही खरे ठेकेदार असतात, हेही खरं. अशा वेळी आधी शेजारपाजारी त्याच्याकडे काम करणारी एखादी बाई गाठा आणि तिला एकच प्रश्न विचारा, "मागच्या महिन्याचे पैसे मिळाले का?" अनामत दिलीच तर लेखी पावती घ्या.

ठेकेदाराकडून या गोष्टी काम घेण्याआधीच विचारून घ्या:

- दर नगावर की डझनावर? राखी आणि टिकल्यांच्या कामात ग्रोस चालतो, म्हणजे १४४ नग.
- सुई, दोरा, गोंद, मशीनचं तेल कुणाचं?
- माल आणायचा-पोहोचवायचा कुणी?
- छाट निघाली तर नुसती मजुरी कापणार की मालाची किंमतही?
- पैसे कधी? "पार्टीचं पेमेंट आलं की" हे उत्तर चालणार नाही, तारीख मागा.
- माल मुळात कुठल्या कारखान्याचा?

शेवटच्या प्रश्नाला ठेकेदार कपाळाला आठ्या घालतो. तरी विचारा. नाही सांगितलं तर पिशवीवरचं, खोक्यावरचं, कपड्याच्या लेबलवरचं नाव उतरवून घ्या आणि फोटो काढून ठेवा. ठेकेदार गाव सोडून गेला तर तेवढाच धागा हातात राहतो.

उचल शक्यतो घेऊ नका. सणाच्या तोंडावर ती आपणहून पुढे करतात. नंतर दर कमी झाला तरी "आधी उचल फेडा" म्हणून तोंड बंद होतं.

३. दर मान्य करण्याआधी एक डझन करून पाहा

"नगाला १५ रुपये" ऐकायला बरं वाटतं. ते बरं आहे की नाही, हे घड्याळ लावल्याशिवाय कळत नाही. पहिल्या दिवशी एक डझनच आणा. हात बसलेला नसतो म्हणून पहिले तीन-चार नग सोडून द्या आणि पुढच्या नगांची सरासरी धरा.

समजा कुर्तीच्या एका गळ्याला २२ मिनिटं लागली. बारा नगांची झाली २६४ मिनिटं. माल आणणं, मोजून घेणं, परत पोहोचवणं यांचे या डझनाच्या वाट्याला ५० मिनिटं. एखादा नग उसवून पुन्हा करायला १६ मिनिटं. एकूण ३३० मिनिटं, म्हणजे साडेपाच तास. मजुरी मिळाली १८० रुपये. त्यातून ने-आणीचे २५, सुई-दोऱ्याचे १० आणि दिवा-पंख्याचे १० काढा. हातात उरले १३५. भागिले साडेपाच, तासाला साडेचोवीस रुपये. आठ तास सलग बसलात तर १९६.

हा आकडा कशाशी ताडायचा? महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाची मजुरी २०२५-२६ साठी दिवसाला ३१२ रुपये होती. तेवढे तरी पडावेत असं धरलं तर उलटा हिशेब करा. तासाला ३९ रुपये, साडेपाच तासांचे साधारण २१५, वर खर्चाचे ४५. झाले २६०. बाराने भागा, नगाला २१ ते २२ रुपये. आता बोलणी करताना "थोडं वाढवून द्या की" असं म्हणावं लागत नाही. "बावीस लागतील, हा बघा हिशेब" म्हणता येतं. ठेकेदार बावीस देईलच असं नाही, पण १५ वरून हलतो, कारण त्याचं वरचं मार्जिन त्याला माहीत असतं.

कायद्याचा आकडा हवा असेल तर जिल्ह्याच्या कामगार कार्यालयातून तुमच्या उद्योगाचं किमान वेतनाचं दरपत्रक मागा. त्यात मूळ दर आणि विशेष भत्ता असे दोन भाग असतात. भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो, म्हणून तारीख बघून घ्या. नगावरची मजुरी त्याच वेळेच्या किमान वेतनाखाली जाऊ नये, हे तत्त्व जुन्या कायद्यातही होतं आणि वेतन संहितेतही आहे.

एक खोच सांगते. दर ठरवताना ठेकेदार सगळ्यात चपळ बाईचं उदाहरण देतो, "ती बघा, दिवसाला पन्नास काढते." ती पन्नास काढते तेव्हा शेजारी तिची मुलगी आणि सासूही बसलेली असते. तीन माणसांचे हात एका नावावर मोजून दर काढला की तो नेहमी पुरेसा दिसतो.

४. वही ठेवा, पहिल्या पिशवीपासून

शाळेची दोनशे पानी वही घ्या, सुट्टी पानं नकोत. पानांवर आधीच क्रमांक टाका, म्हणजे नंतर कुणी "पान घुसवलं" म्हणणार नाही. रकाने हवेत ते असे: तारीख, मालाचं वर्णन, आणलेले नग, सोबत मिळालेला कच्चा माल, दर, परत दिलेले नग, छाट आणि तिचं कारण, मिळालेले पैसे, बाकी, सही.

नोंद कशी दिसते ते बघा:

"१२ जून. निळी कुर्ती, गळ्याला लेस. ४८ नग आणले, लेस २ रीळ. दर १५. — १५ जून. ४६ दिले, लेस संपली म्हणून २ घरी. १ परत आला, टाके सैल म्हणाले, उसवून १६ ला दिला. हिशेब ६९०. मिळाले ४००, बाकी २९०."

लेस संपल्याची ओळ महत्त्वाची आहे. पुढे "दोन नग गायब" असा आरोप झाला तर हीच ओळ कामी येते.

ठेकेदार सही करत नाही, ही सगळ्यांची तक्रार. त्याला सहीसाठी अडवून बसण्यापेक्षा घरी आल्यावर व्हॉट्सअपवर साधा निरोप टाका: "भाऊ, आज निळ्या कुर्तीचे ४८ नग आणले, दर १५." तो "ओके" म्हणतो किंवा अंगठा पाठवतो. काम झालं. नुसतं वाचून गप्प बसला आणि त्यानेच ४८ नगांचा माल उचलला, तरी निरोप तारीखवार राहतोच. फोन बदलला तर हे निरोप जातात, म्हणून महिन्यातून एकदा त्यांचे फोटो काढून मुलाच्या किंवा मैत्रिणीच्या फोनवर पाठवून ठेवा.

पैसे शक्यतो खात्यावर मागा, तेही स्वतःच्या. "मिस्टरांच्या नंबरवर टाकतो" याला नकार द्या. नवऱ्यावर विश्वास असू द्या हो, पण कामाचा पुरावा त्याच्या नावाने तयार होतो त्याचं काय? यूपीआयने पैसे देणाऱ्याला शेऱ्यात "४६ नग" एवढं लिहायला सांगा.

विडीवाल्यांसाठी वेगळं सांगायला हवं. कारखान्यातून हजार विड्यांसाठी पानं आणि तंबाखू तोलून देतात. पान भिजलेलं किंवा फाटकं निघालं की हजार भरत नाहीत आणि बाई पदरच्या पैशाने बाहेरून पान आणते. पान घरी आणल्याबरोबर वजन करा, खराब पानं वेगळी काढून फोटो घ्या आणि विकत आणलेल्या पानाची रक्कम वहीत खर्च म्हणून मांडा. छाटीत काढलेल्या विड्या ठेवून घेतल्या की तोडून टाकल्या, तेही लिहा. मजुरी नाकारून त्याच विड्या बंडलात घातल्या जात असतील तर तो सरळ तक्रारीचा मुद्दा आहे.

५. कागद जुळवून ठेवा

लागणारे कागद फार नाहीत:

- आधार, त्याला तुमचा चालू मोबाइल नंबर जोडलेला
- स्वतःच्या नावाचं बँक खातं, आधारशी जोडलेलं
- रेशन कार्ड
- पासपोर्ट आकाराचे फोटो
- असल्यास पॅन आणि मतदार कार्ड
- विडी कामगार असाल तर विडी कामगार ओळखपत्र

अडतं ते नावात. आधारवर माहेरचं नाव, बँकेत सासरचं, रेशन कार्डावर फक्त "सौ. सुनीता". कुठलं नाव कायम ठेवायचं ते ठरवा आणि बाकी कागद त्याप्रमाणे बदला. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच, म्हणून आधार शेवटी हलवा. बँक आणि रेशन कार्ड बदलणं सोपं पडतं.

आधारला जुना, बंद पडलेला किंवा नवऱ्याचा नंबर जोडलेला असेल तर आधार केंद्रावर जाऊन आधी तो बदला. ओटीपी दुसऱ्याच्या फोनवर गेला की पुढची प्रत्येक पायरी दुसऱ्याच्या सवडीवर चालते.

६. ई-श्रम नोंदणी करा, पण डोळे उघडे ठेवून

असंघटित कामगारांची नोंद ठेवणारं हे सरकारी पोर्टल २६ ऑगस्ट २०२१ ला सुरू झालं. वय १६ ते ५९, आयकर भरत नसाल आणि पीएफ (भविष्य निर्वाह निधी) किंवा ईएसआयचे (कामगार विमा) सदस्य नसाल तर नोंदणी होते. पीएफ कापला जाणाऱ्या विडी कामगार बायका इथे बसत नाहीत. त्यांना केंद्रावरचा मुलगा "चालतंय, करून टाकू" म्हणाला तरी करू नका.

पोर्टलवर आधारशी जोडलेला मोबाइल नंबर टाका, ओटीपी येईल. पीएफ, ईएसआयच्या प्रश्नांची उत्तरं द्या. मग आधार क्रमांक आणि दुसरा ओटीपी. नाव, फोटो, जन्मतारीख आधारवरून आपोआप येतात. त्यानंतर पत्ता, शिक्षण, उत्पन्नाचा गट, व्यवसाय, बँक खातं. शेवटी १२ अंकी क्रमांकाचं कार्ड निघतं, ते फोनमध्ये उतरवून ठेवा. घरी जमत नसेल तर सीएससी केंद्रावर, म्हणजे ऑनलाइन सरकारी फॉर्म भरून देणाऱ्या केंद्रावर, जा. नवीन नोंदणीला पैसे लागत नाहीत. कार्ड प्लास्टिकमध्ये छापून द्यायचे कुणी मागेल, ते ऐच्छिक आहे.

खरी गडबड व्यवसायाच्या रकान्यात होते. केंद्रावरचा माणूस घाईत असतो, बाईला बघून "शेतमजूर" किंवा "घरेलू कामगार" टाकून मोकळा होतो. उद्या तुमच्या कामासाठी योजना आली तर यादी याच रकान्यावरून निघणार. पडद्याकडे बघत उभ्या राहा आणि स्वतःचं काम निवडायला लावा: विडी वळणं, हातशिलाई, भरतकाम, अगरबत्ती, कागदी पिशव्या. मुख्य आणि दुय्यम असे दोन व्यवसाय टाकता येतात. आधी चुकीचं गेलं असेल तर दुरुस्त करता येतं. मदतीचा क्रमांक १४४३४.

या कार्डावर दरमहा पैसे येतात, असे निरोप फिरत असतात. येत नाहीत. त्या निरोपातली लिंक उघडू नका. कार्डाचा उपयोग असा, की असंघटित कामगार म्हणून तुमचं नाव सरकारी यादीत आलं. निव्वळ लाभ म्हणून बघाल तर निराशा होईल. मी तरीही सगळ्यांना करायला लावते, कारण कुठल्याही कार्यालयात "तुम्ही कामगार कशावरून?" असं विचारलं की पुढे करायला एक सरकारी कागद असतो.

७. विमा आणि पेन्शन

इथे फार वेळ घालवत नाही. ज्या बँकेत खातं आहे तिथेच दोन फॉर्म भरा. अपघात विम्याची सुरक्षा बीमा योजना, वर्षाला २० रुपये, वय १८ ते ७०, अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला २ लाख. आयुर्विम्याची जीवन ज्योती, वर्षाला ४३६ रुपये, प्रवेशाचं वय १८ ते ५०, कुठल्याही कारणाने मृत्यू झाला तरी २ लाख. दोन्हींचं वर्ष १ जून ते ३१ मे. मेअखेरीला खात्यात पैसे नसतील तर हप्ता कापला जात नाही आणि विमा गुपचूप बंद पडतो. वारसाचं नाव घाला आणि ज्याचं घातलं त्याला सांगा. घरच्यांना विमा माहीतच नसेल तर मागणार कोण?

पेन्शनसाठी श्रमयोगी मानधन योजना आहे. वय १८ ते ४०, महिन्याचं उत्पन्न १५,००० पर्यंत. वयाप्रमाणे महिन्याला ५५ ते २०० रुपये तुमचे, तेवढेच सरकारचे, आणि साठीनंतर महिन्याला ३,००० रुपये. तिशीच्या आतल्या बाईला तेव्हाचे ३,००० किती पुरतील, हा प्रश्न रास्त आहे. तरी दुसरं काहीच नसेल तर घ्यावी असं माझं मत. अटल पेन्शन आणि ही, दोन्हींचे फॉर्म शेजारी ठेवून हप्ता बघा आणि जी नियमित भरणं झेपेल ती निवडा.

८. घर हीच कामाची जागा, तर ती नीट लावा

लेस-मण्यांच्या कामाला डोळ्यांवर ताण येतो. दिवा डोक्यावर नको, डाव्या खांद्याच्या बाजूने हवा (डावखुऱ्यांनी उलट). जमिनीवर मांडी घालून बसत असाल तर पाठ भिंतीला आणि माल पाटावर, म्हणजे मान कमी वाकते. तासाभराने उठून पाणी प्या. पिशवी संपवायच्या नादात लघवी दाबून बसायची सवय बऱ्याच बायकांना लागते, ती फार वाईट.

तंबाखू, अगरबत्तीची पूड, गोंदाचा वास यांचं काम स्वयंपाकाच्या आणि झोपायच्या जागेपासून दूर. एकच खोली असेल तर निदान खिडकीजवळ करा, ओल्या फडक्याने पुसा, झाडू नका. जेवणाआधी साबणाने हात धुवा. गोंद, थिनर आणि गॅसची शेगडी एकत्र नको.

मुलांचा विषय टाळून चालणार नाही. विडीच्या कामाला लहान मुलांना बसवणं कायद्याने बंद आहे. इतर कामांतही, शाळेनंतर घरच्या धंद्यात मदत करायची जी सूट आहे ती घरच्याच धंद्यापुरती. ठेकेदाराचा माल हा आपला धंदा नव्हे. मुलांशिवाय माल वेळेत होत नसेल, तर दर कमी आहे किंवा मुदत चुकीची आहे. तिसरी पायरी पुन्हा करा.

माल द्यायला-घ्यायला येणारा माणूस अंगचटीला येत असेल, नको ते बोलत असेल, तर २०१३ च्या कायद्याखाली असंघटित कामगार बाईलाही तक्रार करता येते आणि घर हीसुद्धा कामाची जागा धरली जाते. तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करायची. ही समिती कुठे बसते ते जिल्हाधिकारी कार्यालयात विचारा. मुदत तीन महिन्यांची आहे.

९. दराचं बोलणं एकटीने करू नका

एकटीने दर वाढवून मागितला की पिशवी शेजारणीकडे जाते. हे ठेकेदाराला पक्कं ठाऊक असतं, म्हणून तो प्रत्येकीला वेगळा दर सांगतो आणि "कुणाला बोलू नका" म्हणतो. पहिली गोष्ट हीच करा, एकमेकींना दर सांगा. गल्लीतल्या पाच-सहा जणींच्या वह्या एकत्र ठेवल्या की चित्र स्वच्छ दिसतं.

पुढे बचत गट असेल तर त्याच्यामार्फत थेट कारखान्याकडून माल उचलता येतो का बघा. गावात उमेद अभियान आणि माविम (महिला आर्थिक विकास महामंडळ) यांच्या ताई याला मदत करतात. संघटना नोंदवायची असेल तर अर्जाला निदान सात जणी लागतात. अहमदाबादला १९७२ मध्ये इलाबेन भट्टांनी असंघटित कामगार बायकांच्या 'सेवा' या संघटनेची नोंदणी करायला घेतली तेव्हा अधिकाऱ्यांचा आक्षेप होता, की मालकच नाही तर युनियन कुणाविरुद्ध? त्यांचं उत्तर होतं की संघटना कामगारांच्या एकीसाठी असते. सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार बायकांची १०,००० घरांची गोदूताई परुळेकर वसाहत आहे. २००६ मध्ये ती घरं ताब्यात आली, तीही युनियनच्या पाठपुराव्यातून. आणि लिज्जत तर सगळ्यांना माहीतच आहे. १९५९ मध्ये गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलं, पापड आजही बायका आपापल्या घरीच लाटतात, फरक इतकाच की लाटणारी तिथे मालकही असते.

१०. पैसे अडकले तर

क्रम मोडू नका. आधी ठेकेदाराला लेखी निरोप: किती नग, कुठल्या तारखा, किती बाकी, कधीपर्यंत हवेत. भाषा साधी ठेवा. शिव्या आणि धमक्या नंतर आपल्याच अंगावर येतात. त्याचा माल घरात अडवून ठेवायचा मोह होतो, तोही टाळा, कारण मग तो चोरीची तक्रार करतो आणि पैशांचा विषय बाजूला पडतो.

आठवड्यात उत्तर नाही आलं तर लेबलवर नाव असलेल्या कारखान्याला तोच मजकूर पाठवा. बऱ्याचदा इथेच काम होतं, कारण ठेकेदाराने उचललेले पैसे बायकांपर्यंत पोहोचलेच नाहीत हे कारखान्याला नको तितक्या उशिरा कळतं.

तरी नाही मिळाले तर सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज द्या. वेतन संहितेप्रमाणे दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे आणि पैसे दिले, हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे. समोरून "ही आमची कामगारच नाही" असं म्हटलं जाईल. तिथे वही, व्हॉट्सअपचे निरोप, लेबलचे फोटो, खात्यावर आलेले पैसे आणि छाटीच्या नोंदी एकदम पुढे ठेवा. वकील लागला तर पैसे नाहीत म्हणून मागे फिरू नका. १९८७ च्या कायद्याने बाईला उत्पन्नाची अट न घालता सरकारी खर्चाने वकील मिळतो. तालुका किंवा जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, फोन १५१००. पुरुष कामगारांना तिथे उत्पन्नाची मर्यादा लागू होते.

अर्ज नेताना दोन प्रती न्या. एक त्यांना, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का. "ठेवून जा, बघतो" म्हणाले तरी शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. वहीची मूळ प्रत कुणालाही देऊ नका, झेरॉक्स द्या. आणि अर्ज दिल्यावर सुनावणीची तारीख फोनवर कळवतील या भरवशावर राहू नका, पंधरा दिवसांनी आवक क्रमांक घेऊन स्वतः विचारायला जा.